कोल्ह्याचे जाळ

"आता कुठे निघालास?"

"कोल्ह्याचे जाळ बघायला."

काइसूच्या हातातली सुपाची पळी तशीच अधांतरी राहिली. उत्तरेच्या आभाळात हिरवे उजेड नाचायला लागले की या सरोवराकाठी त्यांना कोल्ह्याचे जाळ म्हणतात. ते बघायला परदेशी पाहुणे कुठून कुठून येतात. गावातलं माणूस मुद्दाम कधी जात नाही. अंगणातून सरपण आणताना दिसले तर दिसले. काइसूचा नवरा तौनो तर जन्मभर त्यांच्याखाली राबलेला. ट्रकला पुढे पोलादी फाळ लावून तो रस्त्यावरचा बर्फ सारायचा. इतक्या वर्षांत एकदाही त्याने तिला खिडकीशी बोलावून "बघ तरी" म्हटलं नव्हतं.

"काल बघितले की," ती म्हणाली.

"काल ढग होते."

"आणि परवा?"

तौनोने टोपी कानांवर ओढली आणि दार ओढून घेतलं. गाडी अंगणातच होती. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतसुद्धा गाडी काढणारा हा माणूस एवढ्या गारठ्यात पायी चालला होता. काइसूने काचेवरचं दव पुसून पाहिलं. तो हेलेवीच्या घराकडे वळला.

हेलेवी विधवा. सरोवराकाठच्या तिच्या लाकडी खोल्यांत पाहुणे उतरायचे. शाळेत ती काइसूच्या बाकावर बसायची, तेव्हाही हसरी होती, आताही होती. काइसूला आता एकेक गोष्ट आठवू लागली. तौनो हल्ली रोज गुळगुळीत दाढी करायचा. सुपातली गाजरं आयुष्यभर ताटलीच्या कडेला सारणारा माणूस आता ती वेचून खात होता, आणि वर वाडगा भरून नीलबेऱ्या, रानातून आणून गोठवलेली ती निळी फळं. शरीर राखायचंय म्हणे या वयात! कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलांची जेवणं उरकून, मोठाली पातेली घासून काइसू थेट दुकानात गेली. हेलेवी पावाच्या फळीशी उभी होती. काइसूला पाहताच ती दुकानदाराशी बोलता बोलता थांबली. तेही काइसूने टिपलं.

"काय गं हेलेवी, ते जाळ बघायला चांगली जागा कोणती? आणि वेळ?"

"तुला? तू काय पाहुणी आहेस?"

"सांग की. पाहुण्यांना पैसे घेऊन सांगतेस, मैत्रिणीला फुकट सांग."

हेलेवीने पाठ केल्यासारखं सांगितलं. आभाळ निरभ्र हवं, चंद्र नसला तर उत्तम. उत्तरेला दिवा नको, झाडी नको. म्हणून गोठलेल्या सरोवरावर जायचं. अंधाराला डोळे सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. "थंडी कडक पडली की जेवणानंतर कधीही. तुझ्या मागच्या दारातूनही दिसतील की."

"मग माझ्या नवऱ्याला ते तुझ्याच मागच्या दारातून का दिसतात?"

दुकानदार एकदम हिशोबात गढून गेला. हेलेवी लाल झाली. पण चोरी पकडली गेल्यावर माणूस लाल होतो तशी नाही, हे काइसूला जाणवलं आणि ती आणखीच चिडली.

"त्यालाच विचार," हेलेवी हळूच म्हणाली. "माझ्या तोंडून नको."

त्या संध्याकाळी तौनो निघून गेल्यावर काइसूने गाडी काढली. हेलेवीच्या फाटकाआधीच दिवे विझवून ती उतरली. फाटकाशी टपालपेटीचा खांब मुळापासून मोडून बर्फात आडवा पडला होता. नवीन बसवायलाही हिला फुरसत नाही वाटतं, असं तिच्या मनात आलं.

बर्फावरून चालताना बूट करकरत होते, म्हणून ती काठावरच्या होडीघराआड थांबली. थोड्या अंतरावर दोन आकृत्या दिसत होत्या. दोघांत हातभर जागा. वर आभाळ नुसतं पेटलं होतं. हिरवा पट्टा या काठापासून त्या काठापर्यंत झुलत होता, त्याची खालची किनार जांभळी. इतका उजेड की बर्फावर सावल्या पडल्या होत्या.

"आता सांग," हेलेवीचा आवाज आला. "कुठे आहेत?"

तौनो मान वळवून वळवून शोधत राहिला.

"त्या बेटावर. डावीकडे, खाली."

"नाही रे तौनो."

"मग आज नाहीतच."

"डोक्यावर आहेत. सगळीकडे आहेत."

काइसूने होडीघराची भिंत धरली. कालपासून मनात रचलेलं भांडण, त्यातले नेमके शब्द, सगळं जागच्या जागी गळून पडलं. गाजरं. नीलबेऱ्या. पायी जाणं. तो मोडलेला खांब.

ती पुढे झाली. हेलेवी दचकली, तौनो नाही. करकर ऐकून तो म्हणाला, "काइसू?"

"कधीपासून?"

"दिवसा नीट दिसतं गं. अंधार पडला की कडा जातात फक्त. नळीतून बघावं तसं."

"त्याने फाळाने माझी पेटी पाडली," हेलेवी म्हणाली, "आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मी पायरीवरच उभी होते. मी म्हटलं, तुझ्या मुकादमाला फोन करते. तो म्हणाला, आठवडाभर थांब, तुझे ते जाळ ओळखून दाखवतो. दिसले तर तू गप्प बसायचं." ती काइसूकडे वळली. "तुला सांगू नको म्हणाला. शपथ घातली."

"दोनच हिवाळे राहिलेत निवृत्तीला," तौनो म्हणाला. "रस्ता मला पाठ आहे, काइसू. डोळे मिटूनसुद्धा."

"रस्ता पाठ आहे. पोरं पाठ नाहीत." तिचा आवाज चढला आणि मग तिलाच तो आवरावा लागला. "सकाळच्या काळोखात तुझ्या त्या रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभी असतात ती. मी जेवू घालते त्यांना."

वरचा पट्टा एकदा जोरात हलला आणि विरला. तौनोने तो विरतानाही पाहिला नाही. तो खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"उद्या करतो फोन."

"पहाटे बर्फ पडणार आहे."

त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला. हेलेवी न सांगता घराकडे चालू लागली. मुकादमाशी तो बिघडलेल्या यंत्राची वर्दी द्यावी तसा बोलला. "पहाटेच्या फेरीला दुसरा माणूस बघा… नाही, गाडी उत्तम आहे. डोळे… हो. नाही, आजपुरतं नाही." पलीकडचा माणूस बरंच काही बोलत असावा. तौनो मधूनमधून "हं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "चाव्या खुंटीवर आहेत," आणि फोन खिशात ठेवला.

"मला काय वाटलं होतं, ठाऊक आहे?" चालता चालता काइसूने विचारलं.

"हेलेवी?"

"हं."

तो खरोखर हसला. "तसं असतं तर बरं झालं असतं."

"गप्प बस," ती म्हणाली आणि त्याची बाही घट्ट धरली.

गाडीशी आल्यावर तौनो सवयीने डावीकडे, चालवायच्या बाजूला गेला. दाराच्या कडीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. मग टपावरून हात फिरवत, गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. पट्टा ओढायला त्याचा हात डाव्या खांद्याकडे गेला; तिथे पट्टा नव्हता. काइसूने मदत केली नाही. ती चावी फिरवून, काच साफ होण्याची वाट बघत असल्यासारखी समोर पाहत राहिली. बऱ्याच वेळाने पट्टा अडकल्याचा आवाज आला. तेव्हा तिने गाडी सोडली.

दोन्ही बाजूंना त्यानेच सारलेल्या बर्फाच्या सरळ, नीटस भिंती होत्या.

"हळू," तौनो म्हणाला. "पुढे वळण आहे."

वळण तिला समोर लख्ख दिसत होतं. तरी तिने वेग कमी केला.