लाल शाईची कौशल्या

मी रत्नाबाई. डॉक्टर त्रिविक्रमची आई आणि त्याच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी बाई. पगार नाही, सुट्टी नाही, वर लेकाची बोलणी. इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आधी हे बसायचे, म्हणजे त्रिविक्रमचे वडील. गेल्या साली हे गेले आणि खुर्ची लेकाकडे आली. ह्यांना एकेक पेशंट तोंडपाठ. लेकाला कुठून असणार? म्हणून त्याने कॉम्प्युटर आणला.

"आई, जुनी कार्डं सगळी ह्यात भरायची," तो म्हणाला.

"आणि कोण भरणार? तुझा आजा?"

शेवटी मीच भरायला बसले. प्रोग्राम लिहून दिला महांतेशने. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा बेळगावकडचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला. "अक्का, स्वल्प दमानं घ्या. ते काय काचेचं भांडं नाही फुटायला," असं म्हणत त्याने मला एकेक बटण शिकवलं. आधी मी त्या पेटीला हात लावायला भ्यायचे. मग मला तिचा नादच लागला.

नाद कसला, तर शोधण्याचा. नाव टाकलं की माणूस हजर. गल्ली टाकली की अख्खी गल्ली हजर. आणि जन्मतारीख टाकली की त्या दिवशी जन्मलेले सगळे एकाखाली एक! एकदा बघते तर काय, आमचा ऑटोवाला गुंडू आणि कोपऱ्यावरच्या बँकेचा मॅनेजर एकाच वर्षी, एकाच दिवशी जन्मलेले. दोघांनाही मूळव्याध! एवढी एकच गोष्ट ग्रहांनी सारखी वाटली की काय, याचा मी दुपारभर विचार केला. तेव्हापासून हात रिकामा झाला की मी कुणाची तरी तारीख टाकून बघायची.

"आई, खेळणं आहे का ते?" त्रिविक्रम आतून ओरडायचा.

"मग काय, हळदकुंकू वाहून ठेवू?"

असंच भरता भरता एक कार्ड हाती आलं आणि मी थांबले. कौशल्या लाड. वर ह्यांच्या हाताने, लाल शाईत लिहिलेलं होतं: पेनिसिलिन कधीही देऊ नये.

चार वर्षांची होती पोर. घसा धरला म्हणून ह्यांनी सुई दिली, आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास कोंडला, नखं निळी पडली. माझ्याच मांडीवर होती. पोर वाचली, देवाची कृपा. रात्री हे जेवले नाहीत. म्हणाले, "रत्ना, परत ही सुई मिळाली तर ती पोर हाती लागायची नाही." पुढे तिच्या वडिलांची हुबळीला बदली झाली आणि कार्ड तिथेच संपलं.

महांतेशने अशा गोष्टींसाठी पडद्यावर लाल ओळीची सोय केली होती. ती मी भरली. पण पोर काही डोक्यातून जाईना. आता कुठे असेल? लग्न झालं असेल, नव्या गावात नवा डॉक्टर असेल. त्याला कोण सांगणार? दवाखान्यात आपलं मराठी माणूस दिसलं की मी विचारायची, "हुबळीचे लाड ठाऊक आहेत का हो?" कुणालाच ठाऊक नव्हते.

"तुला नसत्या पंचायती," लेक म्हणाला. असतात एकेकाला. काय करू?

मग एका सकाळी गोदाक्का आल्या. मागच्या गल्लीतल्या जाधवांच्या घरच्या. बाई मनाने चांगली, पण आधी आवाज येतो आणि मागून बाई. बरोबर सून रंजिता, लंगडत. पायात गंजका खिळा गेलेला, तळवा सुजून लाल, अंगात ताप. ही सून लग्नानंतर तापखोकल्याला येऊन गेलेली, पण तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिच्या वाटचं गोदाक्काच बोलायच्या. पहिल्या वेळी नाव भरताना मी विचारलं होतं, "कुठलं औषध बाधतं का गं?" तेव्हाही उत्तर गोदाक्कांनीच दिलं. "छे हो! दगड पचवील आमची सून." रंजिताने फक्त पडद्याकडे एकदा बघितलं होतं.

मी चिठ्ठी छापली. नाव, वय, औषधाची बाधा: नाही. ती घेऊन दोघी आत गेल्या.

बाहेर कुणीच नव्हतं. रंजिताची माहिती समोर उघडीच होती आणि माझा हात रिकामा. आता ही कुणाची जोडीदारीण म्हणून मी तिची जन्मतारीख शोधायला टाकली.

दोन नावं आली. रंजिता जाधव. कौशल्या लाड. आणि खाली ती लाल ओळ.

एकाच दिवशी दोघी जन्मू शकतात की! गुंडू आणि मॅनेजर नव्हते जन्मले? असं मी मनाला सांगतेय, तोवर आतून त्रिविक्रमचा आवाज आला. "आधी थोडंसं टोचून बघतो. मग पूर्ण इंजेक्शन देऊ." टोचून बघायचं इंजेक्शन कुठलं, ते इतकी वर्षं दवाखान्यात काढल्यावर मला कुणी सांगायला नको. मी उठले ती खुर्ची पाडूनच.

आत रंजिता बाही वर सारून भिंतीकडे तोंड करून बसलेली. त्रिविक्रमच्या हातात सुई.

"हिचं माहेरचं नाव काय?" मी विचारलं.

"आता कशाला ते?" गोदाक्का म्हणाल्या. "लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलंय की, रंजिता. झालं!"

"आई, जरा बाहेर थांब," त्रिविक्रम म्हणाला आणि त्याने तिचा हात धरला.

माझं ऐकतोय कोण! मग मी जीव खाऊन ओरडले, "कौशल्ये!"

"ओ," रंजिता म्हणाली.

"ठेव ती सुई खाली!" मी लेकाला म्हटलं. "पेनिसिलिन आहे ना? ठेव म्हणते ना!" माझा असा आवाज त्याने लहानपणानंतर ऐकला नव्हता. त्याने ठेवली.

मी सगळं सांगितलं. लेकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, तू का नाही बोललीस?" मला राग आवरेना, आणि रडूही. "तोंडाला काय कुलूप होतं?"

तिने पदराने डोळे पुसले. "आई म्हणाली होती, सासरी काही बोलू नकोस, पोरीत खोट आहे म्हणतील. दवाखाना तोच आहे, तिथे सगळं लिहिलेलं आहे. मग हा कॉम्प्युटर बघितला. मला वाटलं, ह्याला माहीतच असणार."

"त्याला कुठून माहीत? त्याच्या लेखी तुम्ही दोघी वेगळ्या!"

त्रिविक्रमने दुसरी औषधं दिली, जखम स्वतः धुऊन बांधली. मग त्या दोघींना घेऊन बाहेर आला आणि काउंटरवर माझ्या शेजारी बसला. "तारखा शोधत जा तू," एवढंच म्हणाला.

दोन नोंदींची एक करायचं बटण महांतेशने दिलेलं होतं. त्रिविक्रमने ते दाबलं तर पेटीने विचारलं, दोन्हींतलं कुठलं नाव ठेवायचं?

"रंजिता," गोदाक्का सवयीने बोलून गेल्या.

मी पडदा सुनेकडे वळवला. "तिला विचारलंय."

"मला?" ती लंगडत जवळ आली. वाकून दोन्ही नावं वाचली, एकदा, परत एकदा. असं तिला आजवर कुणी विचारलं नसावं. तोंडावर नवल मावत नव्हतं. "कौशल्या ठेवा," ती म्हणाली. "लाल ओळ त्याच नावाला आहे ना?" तो आवाज मी नीट ऐकला. चांगला खणखणीत होता.

गोदाक्कांनी पिशवी उचलली आणि सुनेला घेऊन निघाल्या. मला वाटलं, आता घरी जाऊन पोरीची खैर नाही. तीच काळजी पुढच्या वेळेपर्यंत मला कुरतडत होती.

पट्टी बदलायला दोघी आल्या तेव्हा नेहमीसारखा आवाज आधी आला. मी मुद्दामच विचारलं, "पेशंटचं नाव?"

"कौशल्या," गोदाक्का म्हणाल्या आणि काउंटरवरून अर्ध्या आत वाकल्या. "ती लाल ओळ दाखवा बघू आधी. आहे ना जागेवर? सरी, ठीक आहे. मग सोडा आत."

मी नाक खुपसणारी बाई, मला राहवेना. "आणि घरी काय हाक मारता हो?"

"घरीपण कौशल्याच," गोदाक्का म्हणाल्या. "रंजिता म्हटलं की दोनदा ओरडावं लागायचं. आता एका हाकेत ओ देते."