आडवं हिरवं, उभं गुलाबी

फोर्तुनातोने सतरंजी तिसऱ्यांदा उसवली तेव्हा मुलीच्या लग्नाला पाच दिवस उरले होते, आणि घरात त्याच्याशी धड बोलणारं माणूस एकही उरलं नव्हतं.

वधूवरांनी चर्चमध्ये गुडघे टेकायची सतरंजी वधूच्या बापाने विणायची, अशी त्याच्या घराण्याची रीत. काळे-पांढरे आडवे पट्टे, बस्स. मेक्सिकोतल्या ओआहाकाकडच्या त्यांच्या विणकरांच्या गावात शेंबडी पोरंही ते विणतात. पण फोर्तुनातोच्या मागावर पांढरा पट्टा हिरवट निघत होता. फार नाही, काकडीच्या गराइतका. आणि गाव पांढरी लोकर पारखायला आणत असे ते याच्याकडेच!

चीड याची की लोकरीचा गुंडा हातात घेतला की शुभ्र. विणली की हिरवी. उसवली की पुन्हा शुभ्र.

"झेनाइदा, हा पट्टा कसला दिसतो?"

"पांढरा," बायको मक्याचं पीठ मळता मळता म्हणाली.

"न बघता सांगतेस!"

"काल सतरा वेळा बघितला. आज निळा झाला असेल तर सांग, उठते."

मग संशय गेला लोकर विकणाऱ्या अबुंदियोवर, आणि त्याला मागापाशी बोलावून घेतलं. तो मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मबाप, म्हणजे फोर्तुनातोचा कोंपाद्रे. कोंपाद्रे झाल्यावर एकमेकांना 'तुम्ही' म्हणावं लागतं, भांडतानासुद्धा.

"कोंपाद्रे, तुम्ही ही लोकर कशात धुतलीत?"

"पाण्यात, कोंपाद्रे. तुम्ही डोळे कशात धुतलेत?"

"हिरवी आहे ही."

"तुमचं टाळकं हिरवं आहे. तुमचा मान राखून सांगतो."

फोर्तुनातोने संतापाने मान वाकडी करून पट्ट्यांकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. मान आणखी वाकवली. शेवटी बाकावर कुशीवर आडवाच झाला. आता पट्टे उभे दिसत होते, आणि हिरवे मुळीच नव्हते.

"गुलाबी झाली," तो बारीक आवाजात म्हणाला.

"मग लग्नाला झोपूनच या," अबुंदियो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

मुलगी निकानोरा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बापाने चार महिने एका हॉटेलच्या सतरंज्यांचं काम केलं होतं: सकाळी काळे-लाल आडवे पट्टे, दुपारी काळे-हिरवे उभे. रविवारीसुद्धा.

"बाबा, चार महिने तुम्ही आडवं पाहिलंत ते लालच, आणि उभं ते हिरवंच. डोळे विटले. आता आडवा पट्टा दिसला की त्यातलं लाल ते आपणच काढून टाकतात, मग पांढऱ्यात हिरवं दिसतं. उभ्यात उलटं."

"माझे डोळे?"

"तुमचेच."

"चाळीस वर्षांत असा आगाऊपणा केला नाही त्यांनी. कधी सुधारतील?"

"मला काय माहीत? शनिवारच्या लग्नापर्यंत काही खरं नाही."

फोर्तुनातो दात खाऊन पुन्हा मागावर बसला. भिंतीकडे बघत, मोजून धोटा फेकायचा: सहा काळे, सहा पांढरे. वीतभर झालं. मग राहवेना म्हणून त्याने खाली पाहिलं. काकडी! हात उसवायला गेला, तो निकानोराने मनगट धरलं.

"उठा तिथून."

"नवरीने स्वतःची सतरंजी विणायची? लोक काय म्हणतील?"

"नवरी फरशीवर गुडघे टेकून बसली तर काय म्हणतील?"

तो उठला, इकडेतिकडे बघत चरख्यापुढच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसला आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर लोकर भरायला लागला. सातव्या वर्षानंतर हे पोरांचं काम त्याने केलं नव्हतं.

"कड सैल सोडतेस," तो म्हणाला.

"तुम्ही कांडी घट्ट भरा."

"इथून पण हिरवंच दिसतंय."

"दिसू दे. पांढरी कांडी द्या."

त्याने दिली.