नर्स मॅरियनचे दोन डावे हात

क्लेम रॅफर्टीनं आपला डावा पंजा चित्रातल्या नर्सच्या डाव्या हातावर ठेवला. बरोबर बसला. मग तिच्या दुसऱ्या हातावर उजवा ठेवून पाहिला. बसेना, त्याचा अंगठा एकीकडे, तिचा भलतीकडे. त्यानं पुन्हा डावाच पंजा उचलून तिथं टेकवला, आणि तो असा चपखल बसला की क्लेमच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"कव्हर बघायला दिलंय, कुरवाळायला नाही," टेबलापलीकडून गस ट्रेंबाथ म्हणाला. "नर्स आहे, गुलाब आहेत, मागे देखणा डॉक्टर आहे. 'नर्स मॅरियनची निवड'. पुढच्या शुक्रवारपर्यंत मजकूर दे."

"आणि माझी भयकथा?"

"भयकथा बंद. किती वेळा सांगू? लढाई झाली, रेशन झालं, लोक घाबरून घाबरून दमलेत रे. आता त्यांना लग्न हवंय."

गसचं प्रकाशन सिडनीच्या सरी हिल्स भागातल्या एका बुटांच्या कारखान्याच्या माडीवर होतं. त्यामुळे त्याची सगळी पुस्तकं, मग ती खुनाची असोत की गुराख्यांची, चामड्याच्या खळीचा वास घेऊनच बाजारात जात. तिथली रीत अशी होती की कव्हर आधी आणि गोष्ट मागून. रंगीत छपाई एकदम उरकलेली परवडते, म्हणून मिस पेडर चित्र काढायच्या, गस त्याला नाव द्यायचा, कव्हरांचे गठ्ठे छापून यायचे, आणि मग एक कव्हर लेखकाच्या हातात पडायचं. चित्रातली बाई किंचाळत असेल तर ती का किंचाळते ते शोधून काढायचं. क्लेमचं काम एवढंच. जगात याहून चांगलं काम असू शकतं असं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

त्याच्या पलंगाखाली चहाची खोकी होती आणि त्यांत महायुद्धाच्या आधी अमेरिकेहून आलेली जुनी मासिकं ठासून भरली होती: विहिरीतले आवाज, बंद खोलीतले खून, कवट्या, धुकं. ती यायची बंद झाली तेव्हा सिडनीकरांना आपली भुतं आपणच तयार करावी लागली, आणि क्लेमनं ही देशसेवा आनंदानं पत्करली. गोष्टी मात्र शिकागोतच घडवायच्या, असा दंडक होता. क्लेमनं शिकागो नकाशातही नीट पाहिलेलं नव्हतं. त्याच्या शिकागोत जुलै महिन्यात माणसं थंडीनं कुडकुडत शेकोट्या पेटवायची. डबोसारख्या गावांतल्या वाचकांनी कधी तक्रार केली नाही, कारण ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, तेही कुडकुडतच असायचे.

"गस," क्लेम म्हणाला, "हिला दोन डावे हात आहेत."

गस हसला. मग चष्मा चढवून त्यानं कव्हर खिडकीशी नेलं. टेबलावरची फूटपट्टी गुलाबांसारखी छातीशी धरून त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा हातांकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू मिशीत विरलं.

"सगळी छापून झालीत?" क्लेमनं विचारलं.

"सगळी. खाली गठ्ठे बांधून पडलीत. या टंचाईत आता दुसरा कागद कोण देतोय मला?" गसनं दार उघडून जिन्याकडे तोंड केलं. "मिस पेडर! जरा खाली या!"

मिस पेडर कानामागे कुंचला खोचूनच खाली आल्या. साठीकडे झुकलेली, काटकुळी बाई. दिवंगत भावाचा कोट घालून वावरायची. गसच्या प्रत्येक भयकथेची विहीर, प्रत्येक कवटी, पडद्याआडून येणारा प्रत्येक पंजा त्यांचाच. क्लेमच्या मते त्यांच्यासारखा पंजा साऱ्या दक्षिण गोलार्धात कुणाला जमत नव्हता. त्यांनी कव्हर हातात घेऊन बराच वेळ निरखलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "चूक झाली खरी."

"तुमच्याकडून? हाताची चूक?"

"वय होतंय माझं, मिस्टर ट्रेंबाथ. आणि गुलाब काढायला बसलं की माझं डोकं बधिर होतं."

गसनं कपाळाला हात लावला. बाईंना रागावण्याची सोय नव्हती. त्यांच्या वेगानं चित्रं काढणारं दुसरं कुणी सिडनीत मिळालं नसतं. तो नुसताच फूटपट्टी आपटत राहिला. क्लेमच्या डोक्यात मात्र एव्हाना इस्पितळाचा बोळ तयार झाला होता, दिवे मंद झाले होते आणि कोपऱ्यावरून कुणीतरी चाललं होतं.

"गस, ऐक. प्रेमकथा लिहिली तर हे हात पाहून लोक हसतील. पण तिला खरोखरच दोन डावे हात आहेत असं गोष्टच सांगत असेल तर? मग ती चूक कुठे राहिली?"

"दोन डावे हात कसे असतील बाईला?"

"तेच तर! पुस्तक घेतल्याशिवाय कसं कळणार?"

गसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढं एक," शेवटी तो म्हणाला. "हे शेवटचं. आणि शेवटी लग्न लागलंच पाहिजे. नाव छापून गेलंय."

"लागेल की. धूमधडाक्यात लागेल."

मिस पेडर जिना चढून गेल्या.

बामेन उपनगरातल्या घरी क्लेमची बायको आयव्ही वाटाणे सोलत बसली होती. क्लेमनं टोपी काढण्याआधीच सांगायला सुरुवात केली. आयव्हीला भयकथांचं कौतुक नव्हतं. नवऱ्याची म्हणून ती ऐकून घेई आणि अडचणीचे प्रश्न विचारी.

"अपघातात मॅरियनचा उजवा हात जातो," क्लेम टेबलाभोवती फिरत म्हणाला. "सर्जन तिच्यावर फिदा आहे. तो तिला नवा हात शिवून देतो."

"कुणाचा?"

"फाशी गेलेल्या बाईचा. तिनं तीन नवरे विष घालून मारलेले असतात."

"मग उजव्याच्या जागी डावा कशाला शिवतो मेला? डोळे फुटले होते का त्याचे?"

"तिचा उजवा तुरुंगाच्या दारात चेंगरलेला असतो. एवढाच शिल्लक असतो."

"सर्जन चांगला शोधलास! पुढे?"

"पुढे मॅरियन कामावर येते. तिचं काम काय? रोग्यांना औषध मोजून देणं." क्लेम थांबला. त्यानं चमचा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "ती मोजते. हात एक थेंब जास्त घालतो. ती बघते. हात थांबतो. चुकून झालं असेल, असं तिला वाटतं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, ती मान वळवते..."

आयव्हीची बोटं शेंगेत अडकली ती तिथंच राहिली. तव्यावरच्या मटणाच्या चॉपचा धूर स्वयंपाकघरभर झाला तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"चॉप!" ती ओरडली. "तुझ्या त्या नर्सला लागली आग!"

करपलेले चॉप क्लेमनं इतक्या आवडीनं खाल्ले की आयव्हीला हसू आवरेना. त्या घरात चॉप करपले की प्रकरण जमलं, असं समजायचं असे.

पुढचे दिवस तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी टाइपरायटर घेऊन बसला. बाहेर तारेवर कुकाबरा पक्षी खिदळायचा आणि आत क्लेम. शेवटचीच भयकथा म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही. त्यात बंद खोली घातली, शवागार घातलं, दोन खोटे सुगावे आणि एक खरा घातला. कधी मध्येच थांबून त्याला वाटे, उद्यापासून आपल्याला नर्सांच्या सुस्काऱ्यांवर पोट भरायचंय. मग तो पुन्हा कळा बडवायला लागे. लग्न त्यानं शेवटच्या पानावर लावलं. सर्जनसाहेब हसतमुखानं वधूच्या हातचा केक खाताहेत, इथं गोष्ट संपत होती.

वसंताच्या सुरुवातीला पुस्तक आलं आणि सेंट्रल स्टेशनच्या दुकानातून ते पाहता पाहता उडालं. पुस्तकं ठेवणाऱ्या सिगारेटवाल्यांनी पुन्हा मागणी पाठवली. एका बाईनं कळवलं की ती आता नवऱ्यालाच औषध ओतायला लावते. ट्राममध्ये क्लेमच्या समोरच एक जाडा माणूस कव्हर डोळ्यांशी धरून स्वतःचे पंजे उलटेपालटे करून बघत होता, आणि ते बघताना क्लेमचं उतरायचं ठिकाण मागे गेलं. तो शीळ घालत तेवढं अंतर परत चालत आला आणि दोन दोन पायऱ्या चढत गसच्या खोलीत शिरला. बगलेत आयव्हीनं दिलेला सुक्या मेव्याचा केक होता.

गस खुशीत होता. "काय म्हणालो होतो? लोकांना नर्स हवी होती!"

क्लेमची शीळ थांबली. "गस, लोकांना ते हात हवे होते."

"हात काय, सगळ्याच बायकांना असतात. नर्सवर खपलं ते. आता लग्नांची मालिकाच काढतो बघ. पहिलं 'वसंतातली वधू'. हिरवळ, चर्च, पाहुणे. मिस पेडर वर तेच रंगवताहेत."

"आणि भयकथा?"

"बंद म्हणजे बंद. एकदा नशिबानं वाचलो, दर वेळी कोण वाचवणार? या वेळी बाईंना निक्षून सांगितलंय, वधूच्या हातांत मोजे घाला. आणि कव्हर छापायला जाण्याआधी एकेक बोट मी स्वतः मोजणार आहे."

क्लेम जिन्यात येऊन उभा राहिला. खालून बुटांच्या कारखान्याची ठोकाठोक ऐकू येत होती. त्याला सरळ रडावंसं वाटलं. चांगलं लिहिलं, लोकांनी उचलून धरलं, आणि तरी मेलं श्रेय गेलं गुलाबांना! मग त्याला मिस पेडरांची आठवण झाली. आपण ती चूक दाखवली, म्हणून बाईंना या वयात मोजे रंगवत बसायची वेळ आली. निदान केक तरी द्यावा म्हणून तो वर गेला.

मिस पेडर खिडकीशी काम करत होत्या.

"आयव्हीनं पाठवलाय," क्लेम पुडकं पुढे करत म्हणाला. "आणि मिस पेडर, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली. मी जरा गप्प बसायला हवं होतं."

"गप्प बसला असतास तर माझी फार निराशा झाली असती, क्लेम," त्या कुंचल्यावरून नजर न हलवता म्हणाल्या. "सुरी त्या बरणीत आहे. पुसून घे, तिला शेंदरी लागलाय."

क्लेमनं केक कापला आणि चित्रासमोर आला. चित्र सुंदर होतं, त्याला ते आवडलं नाही. भर दुपारचं लख्ख ऊन. वधूच्या हातात पांढरे मोजे, दहाही बोटं जागच्या जागी. हॅट घातलेल्या आत्या, टाचा उंचावून बघणारे काका, मेजावर बाटल्या, एका कडेला कुणाचातरी ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा. प्रत्येकाची सावली हिरवळीवर रेखीव पडली होती. हॅटांची, बाटल्यांची, कुत्र्याच्या शेपटीचीसुद्धा. क्लेमची नजर सावल्यांवरून सरकत सरकत नवरदेवापाशी आली. उंचापुरा गडी, दात पांढरेशुभ्र, बूट चकचकीत. बुटांपुढचं गवत मात्र स्वच्छ हिरवं होतं. तिथं काहीच पडलेलं नव्हतं.

त्यानं मिस पेडरांच्या हाताकडे पाहिलं. तो एका आत्याच्या हॅटवर केसाएवढं बारीक पीस काढत होता आणि जरासुद्धा थरथरत नव्हता.

"मिस पेडर," क्लेम हलकेच म्हणाला, "नवरदेव..."

"बरा जमलाय ना?"

"त्याच्या पायाशी..."

"मिस्टर ट्रेंबाथ बोटं मोजणार आहेत," मिस पेडर म्हणाल्या. "बोटांत काहीही चूक नाही. उद्या सकाळी छापायला जाईल." त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि केकचा मोठा तुकडा निवडून घेतला.

खालून गसचा आवाज येत होता; तो फोनवर कुणालातरी नर्सचं महत्त्व पटवत होता. क्लेमनं पायानं दार लोटून घेतलं. रंगांचं रिकामं खोकं ओढून तो चित्रासमोर बसला, आणि त्याच्या मानेवरचा एकेक केस आनंदानं उभा राहिला.

"पाहुण्यांपैकी पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं?" त्यानं विचारलं.

मिस पेडरांनी घास गिळला.

"कुत्र्याच्या," त्या म्हणाल्या.