वारं लागू नये म्हणून

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. बाजाची नव्हे, मधमाश्यांची. सूर माझ्यातही होते, पण ते भात्यातून नाही, हजारो पंखांतून निघायचे. आता माझ्यात काहीच वाजत नाही. घडलं त्याला इतकी वर्षं झाली, तरी मला ते अजून खरं वाटत नाही.

माझा जन्म नाशिकला पंचवटीत, देव्हारे बनवणाऱ्या एका सुताराच्या दुकानात झाला. शेजारच्या देव्हाऱ्यांना कळस, कमानी, नक्षी. मला मेलं नुसतं चौकोनी अंग आणि तळाशी फटीएवढं दार. मला त्यांचा हेवा वाटे. पुढे मखमलाबादच्या जयरामभाऊंनी मला नेलं, जांभळीखाली ठेवलं आणि माझ्यात सातेरी जातीच्या मधमाश्या वसवल्या. मग मी हेवा विसरले. देव्हाऱ्यातले देव जागचे हलत नाहीत; माझ्या घरात दिवसभर ये-जा आणि लगबग. भाऊ माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "ही पेटी लाभली मला."

१९७८ सालच्या फाल्गुनात सटाण्याकडून नवसाबाई आणि तिचे यजमान खंडेराव भाऊंकडे आले. त्यांच्या शेतात कांद्याचे डेंगळे उभे होते. कांद्याचं बी धरायचं असलं, की तो काढायचा नाही, फुलू द्यायचा. त्या फुलांचे पांढरे गोंडे म्हणजे डेंगळे. वाण नवसाबाईच्या आईकडचा. फुलं भरघोस आली होती, पण दाणा धरत नव्हता, कारण शिवारात माश्याच उरल्या नव्हत्या. कांद्याचं बी वर्षभरापलीकडे नीट उगवत नाही. या साली दाणा धरला नाही, तर आईचा वाण कायमचा संपणार होता.

"भाऊ, लेकरावानी सांभाळीन त्यांना," नवसाबाई म्हणाली.

भाऊंनी माझ्यासकट माश्या तिला देऊ केल्या. संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर त्यांनी माझं झाकण वेगळं बांधून दिलं आणि दाराला व वरच्या तोंडाला तारेची जाळी ठोकली. मग समजावून सांगितलं, "धक्के बसू देऊ नका. राणीला जपा. ती आत रोज अंडी घालते, तिच्यावरच सगळं घर चालतं."

"रोज?" नवसाबाई थक्क झाली. "म्हंजी बाळंतीणच की वं ती."

भाऊ हसले. "तसंच समजा. आणि ही जाळी पाहून ठेवा. हिच्यातून वारं लागतं त्यांना."

नवसाबाईने गंभीरपणे मान हलवली.

मित्रांनो, भाऊंना म्हणायचं होतं, की जाळीतून माश्यांना हवा मिळते. पण ज्या घरात बाळंतिणीचे कान बांधतात आणि खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतात, त्या घरात 'वारं लागतं' याचा अर्थ एकच: वारा बाधतो. भाऊंनी धीर दिला, तो तिला इशारा वाटला. माझ्या ते लक्षात आलं. पण मला दार होतं, वाचा नव्हती.

सकाळी स्टँडवर कंडक्टर अडून बसला. "मावशी, माश्या अन्‌ माणसं एका गाडीत? एक जरी सुटली तर डायवर स्टिअरिंग टाकून पळंल. टपावर चढवा."

खंडेरावांनी मला टपावर चढवलं. नवसाबाई त्यांच्यामागे शिडी चढून आली. तिने आपली जाड गोधडी दुपदरी करून माझ्या जाळीवर अंथरली, चारी बाजूंनी दाबून खोचली आणि वरून दोरी आवळली. "आता वाऱ्याची झुळूक लागायची नाय," ती समाधानाने म्हणाली.

मी हबकलेच. मध चोरणारे मी पाहिले होते, माश्या पळवणाऱ्या गांधीलमाश्याही पाहिल्या होत्या. त्यांच्याशी कसं वागायचं ते माझ्या माश्यांना ठाऊक होतं. हिच्या मायेशी कसं लढणार?

गाडी निघाली आणि ऊन चढलं. घर तापलं की माश्या पंखांनी वारा घालतात, तसा त्या घालू लागल्या. पण आत यायला हवाच नव्हती. पिंपळगाव ओलांडलं तेव्हा त्यांची गुणगुण आक्रोशासारखी झाली होती. मेण मऊ पडलं. चांदवडच्या घाटात पहिलं पोळं सुटून खाली कोसळलं, आणि ज्या मधासाठी त्या जन्मभर राबल्या, तोच त्यांच्या पंखांवर पसरला. देवळ्याला गाडी थांबली. खंडेरावांनी वर येऊन गोधडीला कान लावला.

"गप झाल्यात," ते खाली ओरडले.

"निजल्या असतील," नवसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात केवढं सुख होतं.

शेतावर तिने स्वतः गोधडी सोडली, जाळी उचकटली. आत मधाचा चिखल होता आणि त्यात माश्यांचा काळा थर. एका कोपऱ्यात त्यांचा गोळा झाला होता. तो बोटाने सोडवला तेव्हा मधोमध लांबट राणी सापडली. नवसाबाईने तिला तळहातावर घेतलं.

"मी तर हिला पांघरूण घातलं व्हतं," ती म्हणाली. मग खंडेरावांकडे वळली. "पांघरूणच घातलं व्हतं ना वं मी?"

शेजारणी म्हणाल्या, "जाऊ दे बाई, माश्याच त्या." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी एकेका गोंड्यावरून हलकेच तळहात फिरवू लागली, याचा पराग त्याच्यावर, त्याचा याच्यावर. वाफे संपत नव्हते. शेवटी ओंजळभर बी धरलं आणि वाण तगला.

पुढे भाऊ खुशाली विचारायला आले. मला रिकामी पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा नवसाबाईने गोधडीचं सांगितलं.

"अहो, मी सांगितलं होतं ना, वारं लागतं म्हणून."

"म्हणून तर झाकलं, भाऊ."



मित्रांनो, पाखरू असो, रोप असो की माशी, नवा जीव घरी आणाल तेव्हा त्याला काय मानवतं ते विचारा. आणि जे ऐकलं, ते सांगणाऱ्याला आपल्या शब्दांत पुन्हा बोलून दाखवा. तेवढ्याने माझ्या माश्या वाचल्या असत्या.

नवसाबाईने पुन्हा माश्या आणल्या नाहीत. मला मात्र तिने फेकलं नाही. मी तिच्या माळ्यावर आहे. सुना झाकण लावायला गेल्या, की ती त्यांचा हात धरते. इतक्या वर्षांत तिने माझं झाकण एकदाही लावू दिलेलं नाही.