जो कोणी उघडेल त्यास

बाबांचे हात थरथरायला लागले आणि मायक्रोस्कोप दुरुस्तीचं दुकान माझ्याकडे आलं. दुकान म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. उत्तरेला खिडकी, एक टेबल, दोन स्टुलं. बाबांच्या स्टुलावर हल्ली मी जेवणाचा डबा ठेवते.

बाबा दादाकडे राहायला गेले. दादा माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवरून उंटावर बसून शेळ्या हाकतो.

"प्रयोगशाळेतल्या नोकरीचं पत्र आलंय ना तुला? तीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय."

"महिनाभर थांब. काम आलं तर दुकान ठेवीन, नाहीतर नोकरी. मी साइटवर लिहितेय."

"लिही, लिही. शिकलेली माणसं भिंतीशी बोलायलासुद्धा पासवर्ड लावतात."

ती साइट कामधंद्याच्या ओळखी जोडण्याची. माझ्या चारशे बारा ओळखी झाल्या होत्या. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, त्यामुळे अंदाजपंचे काही करणं जमत नाही. नोंदींची वही केली. सकाळची पोस्ट, दुपारची पोस्ट, फोटोसकट, फोटोविना, लांब, आखूड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकवीस दिवसांत सोळा पोस्ट झाल्या. पाहणाऱ्यांचा आकडा कमीजास्त होई, चौकशीच्या रकान्यात मात्र सोळाही वेळा शून्य. लाइकचा अंगठा देणारे बहुतेक जण धंदा कसा वाढवावा हे मलाच शिकवायला उत्सुक होते. एकानं 'प्रेरणादायी!' असं लिहिलं. त्या दिवशी मी फक्त दुकानाच्या वेळा टाकल्या होत्या.

सगळ्या पोस्टची सुरुवात 'आम्ही' अशी. आम्ही दर्जेदार सेवा देतो. आम्ही म्हणजे मी आणि डबा.

बावीस तारखेला एका कॉलेजातल्या बाई जुना मायक्रोस्कोप घेऊन आल्या. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. मध्ये काही वर्षं दुसरीकडे गेलं होतं. फोकसची कळ जड झाली होती. बाई गेल्यावर मी यंत्र आडवं केलं आणि तळाची पट्टी काढली. आत घडी केलेली चिठ्ठी होती. बाबा प्रत्येक दुरुस्तीनंतर अशी चिठ्ठी आत ठेवत, पुढच्या कारागिरासाठी.

'जो कोणी उघडेल त्यास. वाळलेलं ग्रीस पूर्ण काढून नवं भरलं. डावीकडच्या स्क्रूचे आटे झिजलेत. जोर लावू नका.'

खाली वेगळ्या शाईत, नऊ वर्षांनंतरची तारीख घालून, उजवीकडे कललेल्या अक्षरात एक ओळ होती.

'नाही लावला. स्क्रू बदलला. आभारी आहे.'

मी बाबांना फोन लावला. "बाबा, तुम्हाला कुणीतरी उत्तर दिलंय." वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "परत वाच."

परत वाचलं.

"कोण असेल हा?"

"मला काय ठाऊक, पोरी? तीस वर्षं लिहीत होतो, पण उघडणाराही मीच असायचो. आपली चिठ्ठी आपणच वाचायची आणि 'बरं बुवा' म्हणून पट्टी लावायची."

बाबा माणसांत बसून काम करणारे आहेत अशी माझी समजूत होती. पण ती माणसं म्हणजे मी, शाळा सुटल्यावर, दुसऱ्या स्टुलावर.

मी वही उघडली. वेळ बदलली होती, फोटो बदलला होता, लांबी बदलली होती. कोणाला लिहायचं, ते मात्र एकदाही बदललं नव्हतं. प्रत्येक वेळी मी सगळ्यांना लिहीत होते. म्हणून सतरावी पोस्ट एकाच माणसाला लिहिली. चिठ्ठीचा फोटो टाकला, ग्रीस कुठे घट्ट झालं होतं आणि ते मी कशानं काढलं ते लिहिलं. शेवटी, 'तुमचा स्क्रू अजून पक्का आहे. अक्षर कुणाचं?'

ती फक्त त्र्याण्णव जणांनी पाहिली. सोळांपैकी एकीलाही इतके कमी लोक लाभले नव्हते. पण चार दिवसांत तिघांनी उत्तर दिलं आणि तिघंही दुरुस्ती करणारे निघाले. एकानं ग्रीसवरून माझ्याशी वाद घातला, तोही मुद्देसूद. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी इतकं सविस्तर कुणी बोललं नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी चौथा निरोप आला.

'ताई, अक्षर माझं. माझ्या पुतण्यानं पोस्ट दाखवली. त्या चिठ्ठीमुळे माझा अर्धा दिवस वाचला होता. तेव्हापासून मीही आत चिठ्ठ्या ठेवतो. आता नजर साथ देत नाही. इथली तीन कॉलेजं माझ्या भरवशावर आहेत, त्यांना कुणाकडे पाठवावं कळत नव्हतं. तुमच्याकडे पाठवू का? सुरुवातीला दोन यंत्रं देतो. तुमच्या वडिलांना नमस्कार.'

एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, हे मी कॉलेजात शिकले. तरीही 'पाठवा' असं लिहिलं, आणि प्रयोगशाळेला नम्र नकार कळवला.

दादालाही तसं कळवलं, तर संध्याकाळी त्याचा फोन. "वेडी आहेस का? कुणाला विचारलंस तरी?"

मी समोरच्या स्टुलाकडे पाहिलं. "डब्याला."

तो हसला. "बाबांना देतो," म्हणाला.

त्या दोन यंत्रांचं पार्सल यायला पाच दिवस लागणार होते. खाली शिलाई मशीन थांबलं आणि खोलीत एकदम किती शांतता आहे ते कळलं. मी चिठ्ठी सपाट केली आणि कललेल्या ओळीखाली तारीख घातली. 'ग्रीस पुन्हा बदललं. स्क्रूला हात लावला नाही.' उरलेल्या कोऱ्या जागेत अजून तीनेक ओळी मावतील असं बघून घडी घातली, आत ठेवली आणि पट्टी लावली.