काळ्या कागदातली किरणपाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे; पण माझ्यावर कुणी कधी अक्षर गिरवलं नाही. मी लिहिण्याची पाटी नव्हे, मोजण्याची. जाड, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची, खिडकीच्या झडपेएवढी. माझ्या अंगावर आधी चंदेरी कागद, त्यावर काळा कागद आणि त्यावर काळी चिकटपट्टी. असं पायापासून डोक्यापर्यंत बांधून घेतल्याशिवाय मला काम करताच येत नाही. माझं कामच अंधारातलं आहे.

ताऱ्यांच्याही पलीकडून अतिशय जोराने काही कण येतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. त्यातला एखादा बलदंड कण आपल्या हवेच्या माथ्यावर आदळला, की त्यातून नवे कण फुटतात, त्यांतून आणखी, आणि बघता बघता बारीक कणांचा एक झोत खाली उतरतो. तो छपरातून जातो, तुमच्या वेणीतून, दप्तरातून, चपलेतून जातो, आणि तुम्हाला त्याची गंधवार्ताही नसते. मला मात्र कळतं. माझ्या अंगातून कण गेला, की आत इवलासा उजेड लुकलुकतो. कडेला बसवलेली काचेची नळी तो टिपते आणि शेजारची पेटी म्हणते, 'टक'.

माझा जन्म एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत झाला. मला घडवणाऱ्या संशोधक बाईंना सगळे ताई म्हणत. गावातल्या निरनिराळ्या शाळांमध्ये माझ्यासारखी एकेक पाटी ठेवायची, आणि बऱ्याच शाळांच्या पेट्या एकाच क्षणी 'टक' म्हणाल्या, की वर केवढा मोठा कण फुटला असेल त्याचा अंदाज बांधायचा, असा त्यांचा बेत होता. त्यांचा धाकटा भाऊही संशोधकच. पण त्याचं संशोधन वेगळंच. मुलं शिकतात कशी, चुकतात कशी आणि चुकीतून बाहेर कशी येतात, हे तो वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकायचा. मुलं त्याला 'ऐकणारे सर' म्हणत.

"मी आभाळातले कण मोजते," ताई चिडवायच्या, "आणि हा पोरांच्या डोक्यातले."

"तुझे बरे गं, आरपार निघून जातात," तो म्हणायचा. "माझे आतच अडकून बसतात."

मला बांधायचं काम मुलांनीच करायचं, हा हट्ट त्याचाच. शाळेच्या सगळ्यात वरच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी, मला टेबलावर उताणं निजवलं आणि दहा-बारा जोडी हात माझ्यावर पडले. कुणी कागद कापतंय, कुणी पट्टी दाताने तोडतंय, कुणाचे केस पट्टीत चिकटलेत! त्या गोंधळात ताईंनी ओवीच्या चालीवर दोन ओळी रचल्या, आणि मुलांनी त्या उचलल्या:

*ताऱ्यांच्या गं गावाहून आला पाहुणा आंगणी,*
*दारं लाविली, कड्या घातल्या, गेला तरी तो निघुनी.*

अजूनही शांत दुपारी मला ती चाल ऐकू आल्यासारखी वाटते. तेवढ्या मायेनं मला पुन्हा कुणी बांधलं नाही.

त्या मुलांत एक मुलगी होती. वाद घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. दर तासाला किती टकटक झाली, ते मुलं जिन्याच्या भिंतीवर खडूने मांडायची. थोड्याच दिवसांत भिंतीवर डोंगर दिसू लागले. सकाळी चढण, भरदुपारी शिखर, संध्याकाळी उतार.

वकीलबाईंनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून निकाल दिला, "हे किरण सूर्यातून येतात. दुपारी सूर्य डोक्यावर, म्हणून दुपारी टकटक जास्त. आहे कुणाचं काही म्हणणं?"

"ढग आले तर?" एका मुलाने विचारलं.

"ढग आले तर कमी होणार. बघच तू."

आणि ढग आले, तेव्हा टकटक खरंच कमी झाली! मग काय, वकीलबाईंचे पाय जमिनीला लागेनात. सगळा वर्ग सूर्याच्या बाजूने झाला. कुणीतरी माझ्या काळ्या कागदावर खडूने हसरा सूर्यसुद्धा काढला.

मला आतून खरं ठाऊक होतं. माझ्या एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी फट राहिली होती. खिडकीतलं ऊन तिथून आत शिरायचं, नळीला वाटायचं कणच आला, आणि पेटी उगाच टकटकायची. त्या खोट्या टकटकीत खऱ्या पाहुण्यांची चाहूल हरवून जायची. पण पाटीला बोलता थोडंच येतं!

ताईंनी भिंतीवरचे डोंगर पाहिले मात्र, आणि कपाळावर हात मारला. भावाला त्यांनी माझ्या खोलीत ओढत आणलं.

"अरे, उजेड शिरतोय आत! बोटभर पट्टी लावली की संपलं."

"लाव की. मग पोरं काय शिकतील? चुकलं, की मोठं माणूस येतं आणि चिकटवून जातं."

"आणि पाटीच गेली तर काय शिकतील? पुढच्या आठवड्यात बैठक आहे. ज्या शाळांचे आकडे असे वेडेवाकडे, त्यांच्या पाट्या परत मागवायच्या असं ठरलंय. माझ्या हातात नाही ते."

तो बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ताई, बैठकीपर्यंत थांब. तोंडातून अवाक्षर काढू नकोस. त्यांचं त्यांना दिसू दे."

"आणि नाही दिसलं तर?"

मित्रांनो, माझ्या अंगावरचा तो खडूचा सूर्य हसत होता, आणि मी आतून घाबरून गेले होते. मला त्या खोलीतून जायचं नव्हतं. त्या मुलांच्या पावलांचा जिन्यावरचा धडधडाट मला कुठल्याही ताऱ्याच्या पाहुण्याहून प्रिय झाला होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी शाळेत नाटकाची आवराआवर चालली होती. नाटकाच्या बाई रंगमंचाचा जाड पडदा घेऊन धापा टाकत वर आल्या आणि "हुश्श!" करून तो थेट माझ्यावर टाकून गेल्या. दुपारी मुलं आकडा बघायला आली, तर शिखर गायब! बाहेर लख्ख ऊन, आणि पेटी आपली शांतपणे, मधूनच एखादं 'टक'.

"सूर्य विझला का गं?" ढगांचं विचारणारा तोच मुलगा म्हणाला. "वकीलबाई, तुमचा साक्षीदार फुटला!"

"गप रे. हा पडदा आहे ना वर. पडद्याने अडवले किरण." असं म्हणून ती विजयी मुद्रेने वळली, आणि वळता वळता थांबली. तिच्या ओठांवर काहीतरी पुटपुटत आलं. दारं लाविली, कड्या घातल्या...

वर्गातल्या मागच्या बाकावरून उठून ऐकणारे सर मुलांमागोमाग वर दारात आले होते. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

"थांबा," वकीलबाई हळूच म्हणाली. "छपराला न जुमानणारा किरण पडद्याला का घाबरेल?"

मुलगा वर छपराकडे आणि खाली पडद्याकडे बघू लागला.

"पडद्याला घाबरतो तो उजेड," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. आपलाच खटला आपणच हरत असल्यासारखा. "साधा उजेड. म्हणजे आपल्या पाटीत उजेड जातोय. म्हणजे सूर्य वगैरे काही नाही. मी चुकले."

मग धावपळ! खिडकी बंद, पडद्याखाली दोन मुलं विजेरी घेऊन शिरली, बाकीची पेटीला कान लावून बसली. विजेरी माझ्या कडेकडेने सरकत गेली, आणि एका कोपऱ्याशी येताच पेटी कडाडली.

"सापडलं! हा कोपरा कुणी बांधला होता?"

"मीच," वकीलबाई म्हणाली, आणि सगळे इतके हसले की शेवटी तीही हसली. तिनेच तिथे पट्टी लावली, अंगठ्याने दाबून दाबून. तो अंगठा मी अजून विसरले नाही.

ताई धावत वर आल्या, तेव्हा ती त्यांच्यावरच उखडली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"ह्याला विचार," म्हणून ताईंनी भावाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही पोचता का ते बघायचं होतं," तो म्हणाला.

"आणि नसतो पोचलो तर?"

तो लाजला. त्याने खिशातून काळ्या पट्टीचं रीळ काढलं. "शाळा सुटल्यावर गुपचूप येऊन लावणार होतो." ताई खो खो हसल्या आणि त्यांनी पर्स उघडली. आत तसंच एक रीळ!

बैठकीला ताई त्या एका दुपारचे स्वच्छ आकडे घेऊन गेल्या आणि ते कसे सापडले, ते सांगून आल्या. मी राहिले. आणि मग एका सकाळी, पोरं पाढे म्हणत असताना, माझी पेटी आणि आणखी दोन शाळांच्या पेट्या एकाच क्षणी 'टक' म्हणाल्या. खूप दुरून निघालेला, खूप मोठा पाहुणा! खोट्या टकटकीत तो मला ऐकूसुद्धा आला नसता. जिन्यावरचे डोंगर पुसायला निघालेल्या वकीलबाईने ते पुसलेच नाहीत; खडू घेतला आणि त्यांच्याखाली एवढंच लिहिलं: 'हा सूर्य नाही, आमची फट आहे.'

त्यानंतर कितीतरी वर्षं नव्या वर्गाने मला सोडावं आणि नव्याने बांधावं, अशी रीतच पडली. प्रत्येक वर्गाची फट निराळी. ऐकणारे सर मागे बसून ऐकायचे. पुढे त्यांचे केस पांढरे झाले, तरी ऐकायचेच. लांबून माणसं मला बघायला येत, ताईंना शाबासकी देत. ते दिवस आठवले, की माझ्या आत कण नसतानाही काही लुकलुकतं.

मग नव्या पाट्या आल्या. कारखान्यात बंद केलेल्या, स्क्रूंनी घट्ट आवळलेल्या. त्यांत उजेड शिरत नाही आणि मुलांचे हातही शिरत नाहीत. त्यांचे आकडे पहिल्या दिवसापासून बरोबर. मला कपाटाच्या वर ठेवलं. वय झालं, अंगावर पिवळट झाक आली, आत बारीक तडे गेले. टकटक मंदावली, पण थांबली नाही.

परवा नव्या विज्ञान शिक्षिकेने मला खाली उतरवलं, मऊ फडक्याने पुसलं. फार मायाळू आहे ती. मला काचेच्या पेटीत, शाळेच्या दाराशी ठेवायचं म्हणते. शेजारी पाटी लावणार आहे: 'कृपया हात लावू नये.'

मित्रांनो, तिला कुणीतरी सांगा. जुन्या वस्तूची काळजी घ्यावी हे खरं. पण मला जपायचं म्हणून बंद करू नका. मला टेबलावर घ्या, हा जुना कागद सोडवा, माझ्या पिवळ्या अंगातून एकमेकांचे चेहरे बघा. मग मला पुन्हा बांधा. बांधताना कुणाचा तरी कोपरा चुकेल. चुकू द्या, आणि लगेच कुणा मोठ्या माणसाने येऊन चिकटवू नये. मी टकटकत राहीन. काय चुकलं, ते तुम्ही शोधा. मला घाई नाही.