डाव्या बाजूचे कण

यशोधराची हार्ड डिस्क बसली, तेव्हा तिने जगातली सगळ्यात स्वाभाविक चूक केली: ती भावाकडे दिली. विक्रांतचं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने डेटा पेनड्राइव्हवर वाचवला आणि जुनी डिस्क पुसून, ठाकठीक करून बदलापूर गावातल्या धर्मेशला विकून टाकली.

"डाव्या बाजूच्या फायली कुठेत?" अंबरनाथच्या घरी तिने विचारलं. उद्या पीएच.डी.ची समिती बसणार होती.

"ताई, त्या डुप्लिकेट होत्या. सरासरी काढून बघितली, सेम टू सेम. जागा कशाला खायची?"

सरासरी सारखीच येणार होती. अतिथंड वायू ठरावीक तालात हलवत राहिलं की कणांच्या जोड्या जन्मतात. एक डावीकडे पळतो, दुसरा उजवीकडे. एकेकटा बघितला तर नुसती उष्णता, चहाच्या कपात असते तशी. दर खेपेचे दोन्ही आकडे शेजारी मांडले तरच त्यांचं गुंतलेपण दिसतं. यशोधराचा सगळा प्रबंध त्या गुंतलेपणावर उभा होता. आता हातात फक्त चहा उरला होता.

"पुसलेलं परत मिळतं," स्कूटरला किक मारताना विक्रांत म्हणाला, "वरून दुसरं काही लिहिलं नसेल तर."

लिहिलं जात होतं. धर्मेशच्या ओटीवर त्याच्या धाकट्या भावाच्या हळदीचं शूटिंग कॅमेऱ्यातून त्याच डिस्कवर उतरत होतं. स्क्रीनवरची कॉपीची पट्टी निम्म्यावर आली होती.

"लाइट जायच्या आत आटपतो," धर्मेश म्हणाला. "चारला जाते."

चार वाजून गेले होते. वर्षभर मिनिट न चुकवणारं भारनियमन आज सवडीने चाललं होतं. देवाला साकडं घालायची यशोधराच्या घरात पद्धत नव्हती. तिने नुसतं पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता.

"थांबवा ते, दादा."

"शूटिंगमदी बँजोवाले यायचेत अजून," धर्मेशची आई गंगूबाई म्हणाली. "माजा भाव नाचलाय."

"तुमची कॅसेट आहे, मावशी. परत उतरवता येईल. माझं परत येणार नाही."

"तुजा काय हाय त्यान?"

"चार वर्षं."

गंगूबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बंद कर रं," ती मुलाला म्हणाली.

विक्रांतने डिस्कवर पुसलेल्या फायलींचा शोध सुरू केला. डाव्या फायली एकेक करत उगवल्या. निम्म्याच. उरलेल्यांवर हळद लागली होती. यशोधराने प्रत्येक डावा आकडा पेनड्राइव्हवरच्या त्याच खेपेच्या उजव्याशी जुळवला. स्क्रीनवरची रेघ, जिच्याखाली गुंतलेपण सिद्ध होतं त्या मर्यादेखाली उतरली, जरा वर आली, पुन्हा खाली गेली आणि तिथेच राहिली.

"चालेल?" विक्रांतने विचारलं.

"जोड्या कमी आहेत. पण गुंतलेल्या आहेत."

पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली.

"पेनड्राइव्हवर घेतलंस ना?" तिने विचारलं.

"घेतलं," विक्रांत म्हणाला. "दोन्ही बाजू."